सरांची फाइल करप्ट

"सर, तुमची फाइल करप्ट हाय."

ही गोष्ट खरं तर कानात सांगायची. पण दुकानातल्या पोरानं ती मंगळवारी भर गर्दीत, झेरॉक्स मशीनच्या वर आवाज चढवून सांगितली. अतिवृष्टीच्या अनुदानाची केवायसी करायला आलेले चौदा-पंधरा जण रांगेत होते, ते सगळे वळले. त्यात माझा एक जुना विद्यार्थीही होता. सत्तावीस वर्षं मराठी शिकवलं, सहलीतल्या केळ्यांचासुद्धा हिशेब पावती लावून दिला, आणि परभणीच्या वसमत रोडवर उभ्या उभ्या करप्ट ठरलो. एक म्हातारे बाबा तर शेजारच्याला म्हणाले, "मास्तर दिसतोय. कितीचं प्रकरण हाय?"

प्रकरण एका रफाराचं होतं. वडील गेले, घर माझ्या नावावर झालं आणि त्या गडबडीत घरपट्टीच्या नोंदीत आमच्या आडनावावरचा रफार शेजारच्या अक्षरावर राहायला गेला. त्याला परत आणायचा एक पानी अर्ज मी घरी लॅपटॉपवर लिहिला, पेनड्राइव्हमध्ये घेतला आणि पुतण्याच्या स्कूटीवर मागं बसून आलो.

सगळं त्या पुतण्यापासून सुरू होतं. पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, २०२५ च्या दिवाळीला आला होता. त्यानं माझा लॅपटॉप उघडला, इकडंतिकडं दाबून पाहिलं आणि डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांशी बोलतात त्या आवाजात म्हणाला, "काका, विंडोज दहाचा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला. अकराला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, ती ह्याच्यात नाही." मी म्हटलं, संपला तर संपला, मला अर्ज लिहायचे असतात आणि निवृत्तीनंतरच्या पैशांची बेरीज करायची असते. ऐकतो कुठं! पाडव्याच्या दिवशी, मी ओवाळून घ्यायला पाटावर बसलेलो असताना, त्यानं आतल्या खोलीत कॉम्प्युटर चालवणारी विंडोज पुसून तिच्या जागी लिनक्स टाकलं. त्यातलंही मिंट. मिंट म्हणजे पुदिना. घरच्यांना हे कळल्यावर "कॉम्प्युटरात कशाला घातला, चटणीत तरी घालायचा" एवढीच प्रतिक्रिया आली. पुतण्या म्हणाला, ह्या घराण्यात नावं अशीच असतात. उबुंटू नावाचं मोठं बिऱ्हाड आहे, त्याच्या २००४ सालच्या पहिल्या आवृत्तीचं नाव होतं 'चामखीळवालं रानडुक्कर'. आफ्रिकेत कौतुक असेल. आमच्याकडं रानडुकराचं नाव काढलं की हरभऱ्याचा मालक बॅटरी आणि काठी घेऊन उठतो.

असो. दुकानात परत येऊ.

"कशात केली फाइल?" पोरानं विचारलं.

"लिबर ऑफिसमध्ये. वर्डसारखंच असतं. लिनक्सवर," पुतण्या म्हणाला. छाती पुढं काढून म्हणाला.

पोरानं हातातलं स्टेपलर खाली ठेवलं. "लिनक्स? त्ये सर्व्हरला ऱ्हातंय. घरात कामून आणलं?" जसं काही आम्ही अंगणात तरस बांधलं होतं.

"ओडीटी जातीची फाइल आहे. २००६ पासून आयएसओचं जागतिक मानक आहे. उघडायलाच पाहिजे."

"मानक असंल, पण उघडंना."

खरं सांगायचं तर मला पोराचं उत्तर आवडलं. पण मी लिनक्सच्या बाजूनं आलेलो असल्यामुळं गप्प बसलो. मग दोघं सुरूच झाले. पुतण्या म्हणाला, आमच्याकडं व्हायरस येत नाही. पोरगं म्हणालं, तुमच्याकडं कुणीच येत नाही, मग व्हायरस कशाला येईल? पुतण्या म्हणाला, जगातले पहिले पाचशे सुपरकॉम्प्युटर लिनक्सवर चालतात. पोरगं म्हणालं, मग तिथं जाऊन प्रिंट काढा. कोपऱ्यात लग्नाचे अल्बम घेऊन बसलेला फोटोग्राफर मॅकवाला होता. तो फक्त "आमच्यात असलं काई होत नाई" म्हणाला आणि आपल्या लॅपटॉपवरचं सफरचंद रुमालानं पुसायला लागला. त्याचा राग सगळ्यात जास्त आला.

आता ह्या पोराची निष्ठा बघा. दुकानातल्या कॉम्प्युटरवर विंडोज सात. त्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपलेला. पडदा काळाठिक्कर आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात इंग्रजीत सूचना, की विंडोजची ही प्रत अस्सल नाही. म्हणजे जी विंडोज ह्याला रोज सकाळी "तू माझा नव्हेस" म्हणून सांगते, तिच्यासाठी हा गिऱ्हाइकाशी भांडतोय!

पण आपल्याकडं हे नवीन नाही. आमच्या गावात एका बांधावर दोन चुलतभाऊ आहेत. एकाचा महिंद्रा, दुसऱ्याचा स्वराज. चिखलात कुणाचा रुततो ह्यावरून दोघांनी वीस वर्षं एकमेकांच्या घरचा चहा घेतलेला नाही. स्वराज बनवणारी कंपनी महिंद्रानं २००७ सालीच घेतली हे मी त्यांना एकदा सांगून बघितलं. तेव्हापासून दोघंही माझ्याशी बोलत नाहीत.

दरम्यान पोरानं उपाय काढला. पुतण्यानं अर्जाचा मजकूर मेलवर पाठवायचा आणि ह्यानं तो पेजमेकर ह्या छपाईच्या जुन्या प्रोग्राममध्ये चिकटवायचा. मी म्हटलं, वर्डमध्ये टाक. "मराठीचं सगळं आपण पेजमेकरलाच करतो सर." चिकटवला. पडद्यावर उगवली ती नुसती प्रश्नचिन्हं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकाखाली एक, शिस्तीत. मी बघतच राहिलो. इतका मुद्देसूद अर्ज मला आयुष्यात लिहिता आला नसता.

मग मीच आवाज चढवला तेव्हा वर्डमध्ये टाकला. तिथं अक्षरं आली, रफारही आला, पण फॉन्ट दुसरा बसला, ओळी फुगल्या आणि 'आपला विश्वासू' तेवढं दुसऱ्या पानावर जाऊन पडलं. अख्ख्या कोऱ्या पानावर एकटाच विश्वासू. "दोन पानाचे वीस होतील," पोरगं म्हणालं. मी खिशात हात घातला. वीस तर वीस.

"काका, हे मान्य करू नका," पुतण्या म्हणाला. "मी घरी जाऊन पीडीएफ करून आणतो."

"पीडीएफच आणायची ना सर!" रांगेतून एकाच वेळी चार जण म्हणाले. हिशेब विचारणाऱ्या त्या बाबांनासुद्धा पीडीएफ माहीत होती. मी पुतण्याकडं पाहिलं. तो म्हणाला, आधीच करणार होतो, पण मानक आहे तर त्यांनी उघडायला पाहिजे, हा तत्त्वाचा प्रश्न होता. म्हणजे त्याच्या तत्त्वापायी मी करप्ट! आणि स्कूटी घेऊन तो कारेगाव रोडला निघून गेला. मी प्लास्टिकच्या स्टुलावर.

शेजारच्या स्टुलावर एक कार्यकर्ते होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गॉगल बटनात अडकवलेला, खिशात दोन पेनं. साहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स करायला आले होते. कुणाचा फोटो किती इंच ह्यावर सकाळपासून सहा फोन झालेले. इतका वेळ ते सगळं ऐकत होते, आता माझ्याकडं सरकले.

"सर, तुमी पक्ष बदलला म्हणायलेत समदे."

"पक्ष नाही हो. कॉम्प्युटर चालवायची पद्धत असते, तिच्या तीन तऱ्हा."

"तेच की. तीन पक्ष. मंग तुमच्या लिनक्सचा अध्यक्ष कोण?"

"अध्यक्ष असा नाही. लिनस टोरवाल्ड्स म्हणून एक आहेत, त्यांनी सुरू केलं. १९९१ साली, कॉलेजात असताना. एकवीस वर्षांचं पोरगं होतं."

"गाव?"

"फिनलंडमधलं हेलसिंकी."

"घरचं बरं दिसतंय. एकवीस वर्षात पक्ष काढला म्हंजी." त्यांनी थोडा विचार केला. "सभासद फी?"

"काही नाही. फुकट आहे. ज्याला पाहिजे त्यानं घ्यावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं."

"फुकट?" ते माझ्या आणखी जवळ सरकले. आवाज खाली आला. "मंग ह्याच्यात खातं कोण?"

मी सांगितलं की जगभरची माणसं आपापल्या परीनं त्यात काम करतात, बऱ्याच जणांना मोठ्या कंपन्या त्यासाठीच पगार देतात. हे त्यांना पटलं नाही. "सर, तुमी साधे माणसं हाव. कुटंतरी खात असतेल."

मग मी त्यांना विंडोज आणि मॅकचं जुनं वैर सांगितलं. हे सगळं मला दिवाळीत शंकरपाळे खाता खाता पुतण्यानं पाजलेलं होतं. मॅकवाल्या ॲपलनं विंडोजवाल्या मायक्रोसॉफ्टवर १९८८ साली खटला भरला, की तुमच्या खिडक्या आमच्या नकलेच्या आहेत. खटला वर्षानुवर्षं चालला, ॲपल हरली. इकडं दोन्हीकडचे भक्त एकमेकांचे गळे धरतायत. आणि १९९७ च्या ऑगस्टमध्ये बोस्टनला ॲपलवाल्यांचा मेळावा भरलेला असताना ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज स्टेजवर उभे राहतात आणि जाहीर करतात, की मायक्रोसॉफ्ट आपल्यात पंधरा कोटी डॉलर घालतेय.

"युती!" कार्यकर्ते स्टुलावरून अर्धे उठले.

"आणि मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर कोण? बिल गेट्स."

"स्टेजवर आणला?"

"पडद्यावर."

"मंग कार्यकर्ते?"

"ओरडले. हुर्यो केली."

कार्यकर्ते खाली बसले. गॉगल काढून हातात घेतला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मागच्या इलेक्शनला आमच्या सायबासाठी मी तीन गुन्हे अंगावर घेतले सर. एक तर खरा होता. आन् निकालाच्या महिन्यात सायब तिकडच्या सायबाच्या पोरीच्या लग्नात वाढप्यात उभे. हातात बुंदीचं ताट. मी पंगतीत. मला बघून म्हणले, घे की रे अजून." त्यांनी फ्लेक्सच्या नमुन्याकडं पाहिलं. साहेब चार फूट, हे चार इंच. "घेतली. काय करता."

मला वाटलं विषय बदलावा. म्हणून सांगितलं, की लिनक्सचंही तसंच झालं. २००१ साली मायक्रोसॉफ्टच्या तेव्हाच्या प्रमुखांनी, स्टीव्ह बाल्मर यांनी, लिनक्सला कॅन्सर म्हटलं होतं. आणि २०१६ ला हीच मायक्रोसॉफ्ट लिनक्स फाउंडेशनची सभासद झाली. आता विंडोजच्या पोटातच लिनक्स चालवता येतं.

"शिव्या देऊन पक्षप्रवेश! लै मोठे माणसं हैत." आता त्यांचा चेहरा खुलला. "मंग सर, हे पोट्टे कामून भांडायलेत?"

"तुमच्या हातातल्या मोबाइलच्या गाभ्यातही लिनक्सच आहे," मी म्हटलं. "अँड्रॉइड त्याच्यावरच उभा आहे."

त्यांनी मोबाइल उलटा करून पाहिला. "म्हंजी मी आधीपासून त्याच पक्षात हाव?" मग काउंटरकडं बघून ओरडले, "ए पोरा, तूबी लिनक्सचाच हाईस रे! मोबाइल बघ तुझा!" पोरगं असं लाल झालं की त्यानं कुणाच्या तरी आधारच्या दोन कॉपी जास्त काढल्या.

हे सगळं चालू असताना ते बाबा तिसऱ्यांदा अंगठा लावत होते. मशीन घेईना. खुरप्यानं झिजलेला अंगठा, त्यात सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन गेलेलं. "थांबा बाबा, सर्व्हर डाउन हाय," पोरगं म्हणालं आणि परत पुतण्याच्या नावानं काहीतरी पुटपुटलं. पाऊण तास दुकानातल्या दोन सुशिक्षित पोरांनी कोणाची खिडकी चांगली ह्यावर घालवला. आणि मीही स्टुलावर बसून बोस्टनच्या गोष्टी सांगत होतो, मी तरी काय वेगळा?

मला खरा राग येतो तो मात्र दुसऱ्याच गोष्टीचा. ज्या १९९१ साली त्या फिनलंडच्या पोरानं आपलं काम जगापुढं ठेवलं, त्याच साली, सगळ्या भाषांच्या अक्षरांना कॉम्प्युटरात एकच ओळख देणाऱ्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती. चौतीस वर्षं झाली. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जाही मिळाला, आम्ही कॉलेजात पेढे वाटले. तरी वसमत रोडला मराठी चिकटवली की प्रश्नचिन्हं येतात, कारण फ्लेक्सचे, पत्रिकांचे, दशक्रियेच्या कार्डांचे सगळे फॉन्ट त्या जुन्या जमान्यातले. वरून मराठी, आत इंग्रजी अक्षरांना चढवलेला मुखवटा. ह्या भांडणात तिन्ही पक्षांचे झेंडे आहेत. वेलांटीचा झेंडा कुणाकडंच नाही. त्या पोराला मी हे सांगितलं असतं, पण तो वीस रुपये मागत होता.

पुतण्या आला. पीडीएफ निघाली. एक पान, रफार जागेवर, विश्वासू पायथ्याशी. दहा रुपये. शिवाय आधीच्या दोन पानांचे वीस, कारण "प्रिंट दिली होती सर, तुमी बोलत बसलाव." तीस रुपये दिले. तो राग अजून गेलेला नाही.

कचेरीत बाईंनी अर्ज वाचला, मान डोलावली, बरोबर आहे म्हणाल्या आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर त्यांच्या फॉन्टमध्ये सगळं पुन्हा टाइप करून पोच दिली. बाहेर येऊन मी पोच उघडली. आडनाव होतं. रफार दोन घरं पुढं होता.

काल रात्री साडेनऊला फोन आला. नंबर कार्यकर्त्यांना मीच दिला होता, चूक माझीच.

"सर, त्या लिनक्सचं आपल्या तालुक्यात कोणीच नाई म्हणलाव ना?"

"नाही बहुतेक."

"मंग तालुकाध्यक्ष रिकामंच हाय की. चिन्ह काय आपलं?"

"पेंग्विन."

पलीकडं शांतता. मग म्हणाले, "पेंग्विन नको सर. त्याच्यावरून मुंबईत आधीच लै झालंय. रानडुकराचं जमतंय का बगा."

पुण्याच्या पुतण्याचा नंबर दिला आणि फोन ठेवला.