रोझा पार्क्स थकली नव्हती

आज लेकीच्या दप्तरातून एक वर्कशीट निघालं. बसचं चित्र आणि खाली एक ओळ: रोझा पार्क्स दिवसभर काम करून थकली होती, म्हणून ती सीटवरून उठली नाही. बस रंगवा.

लेक इथे अमेरिकेत, जॉर्जियात तिसरीत आहे. तिने बस पिवळी केलीय आणि रोझाला जांभळा चष्मा घालून ड्रायव्हरच्या अगदी मागे, पहिल्या सीटवर बसवलंय. काढलंय गोड. पण फोडणीशी उभी राहून मी ती ओळ परत परत वाचत बसले आणि मोहरी करपली.

1955 साली अलाबामात गोऱ्या माणसासाठी बसमधली सीट सोडायला नकार देणारी ही काळी बाई, आणि म्हणे थकली होती??

उद्या महाराष्ट्रातल्या एखाद्या शाळेने शिकवलं की 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना फार तहान लागली होती, म्हणून ते चवदार तळ्याचं पाणी प्यायले, तर आपण गप्प बसू का? मग हे कसं चालतं?

ही बाई 1943 सालीच एनएएसीपीच्या, म्हणजे काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या, माँटगोमेरी शाखेची सचिव झाली होती. 1955 च्या उन्हाळ्यात टेनेसीतल्या हायलँडर या चळवळीतल्या कार्यकर्त्यांच्या शाळेत शिबिराला जाऊन आली होती. 1 डिसेंबरला ती गोऱ्यांच्या पहिल्या सीटवर बसलेलीही नव्हती. मधल्या रांगेत होती, जिथे काळ्यांना बसायची मुभा होती, पण गोरा आला की उठायचं. एका गोऱ्या माणसासाठी चौघांना उठायला सांगितलं. तिघं उठले. ही खिडकीकडे सरकली, बसून राहिली आणि तिला अटक झाली. पुढे तिनेच सांगितलंय की त्या दिवशी ती नेहमीपेक्षा जास्त दमलेली वगैरे नव्हती. तिच्या आधी नऊ महिने, त्याच गावात, 15 वर्षांच्या क्लॉडेट कोल्विनलाही अशीच अटक झाली होती. तीपण थकली होती वाटतं शाळेतून येताना!

पुढचे 381 दिवस, म्हणजे काळ्यांनी गावातल्या बसवर घातलेला बहिष्कार, तर वर्कशीटवर नाहीतच. कॉलेजात इंग्रजी शिकवणारी जो ॲन रॉबिन्सन रात्रभर जागून हजारो पत्रकं सायक्लोस्टाइल करते. जॉर्जिया गिलमोर आणि तिच्या ओळखीच्या बायका चिकन सँडविच, केक, पाई करून विकतात आणि पैसे बहिष्कारवाल्यांच्या गाड्यांसाठी देतात. पैसे आले कुठून? 'कुठूनच नाही.' कारण बायकांची नावं फुटली तर कामावरून काढलं जाणार. गणपतीत पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेऊन मंडळाचा खर्च भागवणाऱ्या आपल्या बायकांना हे एका मिनिटात कळेल.

कळेल असं वाटलं होतं. आयांच्या ग्रुपवर वर्कशीटचा फोटो टाकला, तर उत्तर आलं, "अगं, आपला काय संबंध? तू तिचं मॅथ बघ."

संबंध? 1965 च्या आधी अमेरिकेत स्थायिक व्हायला अख्ख्या भारताला वर्षाला 100 माणसांचा कोटा होता, शंभर! ज्या अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, काळ्यांच्या मतदानाचा कायदा केला, तिनेच त्याच वर्षी इमिग्रेशनचा कायदा बदलला, म्हणून आपण इथे बसून मॅथ बघतोय. माँटगोमेरी आमच्या घरापासून गाडीने अडीच तासांवर आहे. डिस्नीवाल्या ऑर्लँडोला किती वेळा जाऊन आलो आपण सगळे?

बरं, आठ वर्षांच्या पोरांना सगळं सांगता येत नाही, मान्य. टीचर प्रेमळ आहे. जॉर्जियात 2022 पासून वंशाबद्दलच्या 'फूट पाडणाऱ्या संकल्पना' शिकवण्यावर बंदी घालणारा कायदा आहे, तिच्या जागी मीही घाबरले असते. तिला दोष देत नाही. (देतेय थोडा.) पण 'थकली होती' हे कुठल्या कायद्यात लिहिलंय?

जेवणं झाल्यावर डायनिंगच्या खुर्च्या एकामागे एक लावल्या. लेकीला मधल्या रांगेत बसवलं, मी ड्रायव्हर झाले, नवरा गोरा माणूस (त्याला फार आवडलं नाही). सगळं सांगितलं. ती खिडकीकडे सरकली, म्हणजे फ्रिजकडे. मग तिने विचारलं, "आई, बाकीचे तिघं का उठले?"

"घाबरले असतील."

"मग रोझा नाही घाबरली?"

घाबरली असेलच की, म्हटलं. 42 वर्षांची बाई, पोलीस येणार हे माहीत होतं. पुढे नोकरी गेली, धमक्या आल्या, 1957 मध्ये ते गावच सोडून डेट्रॉइटला जावं लागलं. हे तिला सांगताना माझा राग कुठे गेला कोण जाणे.

क्रेयॉन खोडता येत नाही. म्हणून पहिल्या सीटवरच्या रोझापासून मधल्या रांगेपर्यंत तिने एक लांब बाण काढलाय. उठलेल्या त्या तिघांना बसमध्ये जागाच उरली नव्हती, तर आता खाली दुसरा कागद चिकटवून त्यांना काढतेय. झोपायची वेळ कधीच टळून गेली. काढू दे.