“नीट भरवत नाहीस का गं?”

अंगणवाडीत बाळाचं वजन कमी भरलं की सगळे आधी आईकडे बघतात. सासू, शेजारीण, सगळ्यांचा एकच प्रश्न. नळाकडे कुणी बघत नाही.

आमच्याकडे कळव्याच्या डोंगरावर नळाचे पाइप गटाराला चिकटून वर चढतात, काही ठिकाणी तर चक्क गटारातून. पाणी तासभर येतं. एरवी पाइप रिकामे, आणि रिकाम्या पाइपला चीर असली की बाहेरची घाण आत ओढली जाते. म्हणून बायका पहिली कळशी ओतून देतात. गढूळपणा जातो, जंतू राहतात.

सहा महिन्यांपर्यंत बाळाला अंगावरचं दूध पुरतं, उन्हाळ्यातसुद्धा. तरी “घसा सुकला असेल” म्हणत चमचाभर पाणी पाजलं जातंच. (आज्यांशी वाद घालायची माझी तरी हिंमत नाही.) पुढे वरचं खाणं सुरू झालं की ताटवाटी, हात, पेज, सगळ्याला तेच पाणी. घाण रोज पोटात गेली की आतड्याचं आतलं अस्तर झिजतं, सुजतं. जुलाब दिसले नाहीत तरी हे चालूच असतं. मग वरणभात खाऊनही अंगी लागत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे 35 टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली. सगळा दोष पाण्याचा नाही. गरोदरपणी आई उपाशी असेल तर बाळ मुळातच लहान जन्मतं.

“पाणी उकळून प्या ना!” सिलिंडर कोण भरून देणार? बरं, बांगलादेश आणि केनियात हजारो घरांवर मोठे प्रयोग झाले: पाण्यात क्लोरीन, हात धुणं, सुधारलेले संडास. 2018 मध्ये निकाल आले. बांगलादेशात जुलाब घटले, केनियात तेही नाही. मुलांची उंची या उपायांनी कुठेच वाढली नाही. पूरक आहार मिळालेल्यांची थोडी वाढली. काहीजण यावरून म्हणतात, पाण्याचा वाढीशी संबंध नाही. मला उलटं वाटतं. भोवती एवढी घाण असताना घरातल्या बाईने थेंब टाकून भागत नाही. आधी पाइप गटारातून बाहेर काढा.

आणि अंगणवाडीच्या वहीत ज्या बाळाचं वजन घटलं, त्याच्या घरचं पाणी त्याच आठवड्यात तपासा. क्लोरीन बघायला मिनिटभर लागतं, तपासणीच्या औषधाचा थेंब टाकला की पाण्याचा रंग बदलतो. लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम हवं. फक्त टाकीखालच्या नळावर बघून परत जाऊ नका, वरच्या शेवटच्या घरापर्यंत चढा.