मेमरी मेटल म्हणे कधीच झिजत नाही!

रावेरच्या आमच्या मामांच्या मांडीत नायटिनॉलचा (निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू, त्यालाच मेमरी मेटल म्हणतात) स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी आहे, आणि ग्रुपवर फिरणारा तो मेसेज वाचून त्यांनी यंदा डॉपलरला (पायातला रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) जळगावला येणारच नाही असं सांगून टाकलं, म्हणून हे लिहावं लागतंय. मेसेज असा: नासाने शोधलेला मेमरी मेटल कितीही वाकवा, गरम केला की नवाकोरा, कधीच झिजत नाही, स्टेंट टाकला की जन्माची काळजी मिटली, आणि आता त्याच्यावर बिनविजेचा पंप पण येतोय.

नासाचं आधी उरकतो. नायटिनॉल अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेतून आला, विल्यम ब्यूलर यांच्या कामातून. झालं.

खरा घोळ "गरम केला की नवा" ह्याच्यात आहे. गरम केल्यावर आकार परत येतो, पडलेली भेग भरत नाही भो. ताण दिला की आतल्या अणूंची मांडणी बदलते, सोडला की परत फिरते, पण दर फेरीला थोडी गडबड मागे राहते, मग तार पूर्ण परत येईनाशी होते, आणि धातूत राहून गेलेल्या कार्बाइड-ऑक्साइडच्या बारीक कणांपाशी भेग सुरू होते. एखाद्या वेळी 6-8% ताणली तरी परत येणारी तार, पण कोटभर वेळा हलवायची तर अर्धा टक्कासुद्धा जड जातो. आणि मामांच्या पायात गरम-गार करतंय कोण? तिथे कायम 37 अंश.

नाडीचे मिनिटाला 72 ठोके धरले तर 10 वर्षांत जवळपास 38 कोटी होतात, म्हणूनच अमेरिकेची एफडीए (औषधं-उपकरणांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) स्टेंट साधारण 40 कोटी फेऱ्या चालवून तपासायला सांगते. झिजतच नसता तर हा खटाटोप कशाला? त्यात मांडीतल्या स्टेंटला नाडीपेक्षा चालणं-बसणं जास्त महागात पडतं, केळीच्या बागेत उकिडवं बसा नाहीतर मांडी घालून जेवा, तो वाकतो, पिळतो, दबतो. 2005 ला शायनर्ट आणि सहकाऱ्यांनी जर्मनीत स्टेंट टाकलेल्या 121 पायांचे एक्सरे बघितले, 45 पायांत स्टेंट तुटलेला. वर्षभराने रक्तवाहिनी मोकळी असायचं प्रमाण तुटलेल्यांत 41%, शाबूत असलेल्यांत 84%. हो, ते जुने डिझाइन होते, आताचे बरे आहेत, आणि तुटला म्हणजे लगेच पाय गेला असंही नाही. पण म्हणून मामा, डॉपलर सोडायचं?

एक कबूल करावं लागेल, 2015 ला टायटॅनियम-निकेल-कॉपरची एक फिल्म 1 कोटी फेऱ्या टिकली, 'सायन्स'मध्ये छापून आलंय. पण ती प्रयोगशाळेतली पातळ फिल्म आहे, तुमच्या पायातली जाळी नाही.

राहिला पंप. 1973 ला रिजवे बँक्सने कॅलिफोर्नियात नायटिनॉलवर फिरणारं इंजिन केलं, ते फिरलं पण. मात्र त्याला गरम आणि थंड दोन्ही पाणी लागतं. मे महिन्यातलं आपलं 45 अंश ऊन आणि विहिरीचं पाणी 25 धरलं तर उष्णतेतला कागदावरच 6% च्या आसपास भाग कामाला येतो, तिथेच हिशोब संपतो, प्रत्यक्षात त्याच्याही खाली. असल्या पंपाच्या बुकिंगचे पैसे कोणी मागितले तर त्याला आधी एखाद्या शेतात महिनाभर चालवून दाखव म्हणा.