कुकरच्या शिट्टीची मालकी

आज सकाळी चहा गॅसवर असताना मेल आला. तुमच्या व्हिडिओत कॉपीराइट असलेलं संगीत सापडलं आहे, व्हिडिओ राहील, पण त्यावर जाहिराती लागल्या तर पैसे दावेदाराला जातील. व्हिडिओ कसला, तर परवा आत्याची पंचाहत्तरी झाली, त्याचे फोटो एकामागोमाग एक लावले होते आणि मागे तिचीच ओवी. गायली आत्याने, रेकॉर्ड केली मी, आत्याच्या स्वयंपाकघरात. आणि दावेदार कोण? आमच्या जिल्ह्याच्या गावी दीड खोलीत बसणारी एक 'डिजिटल म्युझिक कंपनी'. चहा उतू गेला. जाऊ दे म्हटलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. २०२१ चा पावसाळा, लॉकडाऊनने सगळे घरी. मी कराडजवळ आत्याकडे अडकलो होतो. एका मित्राचा माइक आणला, भिंतींना गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला, आणि आत्याला जात्यासमोर बसवलं. जातं आता वापरात नाही, पण तिचं म्हणणं, खुंटा हातात असल्याशिवाय ओवी सुचत नाही. काही ओव्या तिच्या आईच्या, काही तिच्या स्वतःच्या. ही तिची:

दळण नेलं बाई, गिरणीच्या रांगेला
जातं राहिलं उभं, तुळशीच्या अंगाला

आणि बरोबर दोन मिनिटं चौदा सेकंदांनी कुकरची शिट्टी झाली. डाळ लावलेली आम्ही दोघंही विसरलो होतो. आत्या थांबली नाही. शिट्टी संपू दिली आणि पुढची ओवी तिथूनच उचलली. नंतर शिट्टी कापायचा मी खूप प्रयत्न केला, जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर नंतर कापावीशी वाटेना.

तर आज ज्या रेकॉर्डिंगवर त्या कंपनीने मालकी सांगितली आहे, त्यात आमच्या आत्याच्या तूरडाळीची शिट्टी आहे.

हे घडलं कसं? माझ्याच गाढवपणामुळे, तेही लिहितो. गाणं सगळीकडे 'टाकायचं' होतं. अशा सेवा ऑनलाइन मिळतात हे माहीत होतं, वर्षाचे पैसे भरा, गाणं तुमचंच, ते फक्त पोचवण्याचं काम करतात. पण या कंपनीचा माणूस आपल्या भागातला, मराठी बोलतो, फुकट करतो म्हणाला. एक पीडीएफ पाठवली. मी शेवटच्या पानावर सही केली. मधली चार पानं आज सकाळी पहिल्यांदा वाचली. त्यात 'परवाना', म्हणजे नुसती वापरायची परवानगी, हा शब्दच नाही. 'हस्तांतरण' आहे, म्हणजे मालकीच देऊन टाकणं. कायमचं, संपूर्ण जगासाठी, आज असलेल्या आणि पुढे येणाऱ्या सगळ्या माध्यमांसाठी. पुढे येणाऱ्या! म्हणजे उद्या मंगळावर रेडिओ निघाला तरी आत्याची ओवी यांची.

पोचवणारा आणि मालक यात फरक असतो की नाही? पोस्टमनने पत्र पोचवलं म्हणून पत्र त्याचं होतं का? पण नेमकी इथेच मेख आहे. यूट्यूबची ती गाणी ओळखणारी यंत्रणा, कॉन्टेंट आयडी, तुमच्या-माझ्यासारख्या सुट्या माणसाला मिळत नाही. ती लेबलच्या, म्हणजे गाण्यांच्या कंपनीच्या, नाहीतर गाणं पोचवणाऱ्या वितरकाच्या हातात. त्यांनी एक खूण केली की तुमचं गाणं त्यांच्या नावाने नोंदलं जातं, आणि मग तुम्हीच तुमच्या गाण्याचे चोर. मी हरकत घेतली आहे. उत्तर द्यायला त्यांना ३० दिवस. हरकत तपासणार कोण? आधी तेच! पाटलाच्या वाड्यातल्या चोरीचा पंचनामा पाटलानेच करायचा.

(हो, ही यंत्रणा खऱ्या चोरांपासून वाचवतेही. मान्य. पुढे.)

दुपारी जरा शांत झालो आणि कायदा वाचत बसलो, ऑफिसचं काम बाजूला ठेवून. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा मालक म्हणजे ज्याने पुढाकार घेऊन, जबाबदारी उचलून ते करवलं तो. म्हणजे गोधड्या टांगणारा मी. ही मालकी ६० वर्षं चालते. करारात मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण ५ वर्षांचंच धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतंच. म्हणून तर हे लोक 'कायमचं' आणि 'जगभर' हे दोन शब्द विसरत नाहीत. बाकी करारात शुद्धलेखनाच्या चुका सतराशे साठ, हे दोन शब्द मात्र बिनचूक.

पण २०१२ ची दुरुस्ती वाचून जरा बरं वाटलं. जावेद अख्तर संसदेत ज्यासाठी भांडले ती. गीत आणि चाल ज्याची, त्याचा रॉयल्टीतला समान वाटा, तो कंपनीला लिहून देतो म्हटलं तरी देता येत नाही. म्हणजे 'गिरणीच्या रांगेला' लिहिणाऱ्या आत्याचा हिस्सा मी चार काय चाळीस पानांवर सही केली असती तरी गेला नसता. आणि गाणाऱ्याला आपलं नाव लावून घ्यायचा हक्क आहे, तो हस्तांतरणानंतरही उरतो. आता अ‍ॅपवर जाऊन बघा, आत्याच्या गाण्यावर कलाकार म्हणून कोणाचं नाव आहे. कंपनीचं. खाली बारीक अक्षरात 'पारंपरिक'. सातवी पास बाई, हयातभर ओव्या रचल्या, आणि ती झाली पारंपरिक!

हे वाचलं तेव्हा मात्र राग नाही आला, वाईट वाटलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आज त्या 'परी'च्या, म्हणजे पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या, संकेतस्थळावर आहेत. तिथे प्रत्येक बाईचं नाव आहे, गाव आहे. त्यांना जमलं. यांना एक रकाना भरता आला नाही.

आत्ता कोणी तरी लिहीलच की पैशासाठी एवढं कशाला. पैसा? साडेतीन वर्षांत हिशोबाचा एकच कागद आला, ४१२ रुपये, आणि ५००० जमल्याशिवाय देणार नाही म्हणे. स्पॉटिफायवर तर २०२४ पासून वर्षात १००० वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या गाण्याला रेकॉर्डिंगचा एक पैसाही नाही. पैशाचं नाव काढू नका. आपल्यातलं कोणी पैशासाठी बोलत नाही हे मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. साठच्या दशकात लताबाई रॉयल्टीवरून अडून बसल्या, रफीसाहेबांबरोबर काही वर्षं गायल्या नाहीत, तेव्हाही लोक हेच म्हणाले असतील, एवढं मिळतंय, अजून कशाला. गायकाने मागितलं की हाव, कंपनीने घेतलं की व्यवसाय.

एक गोष्ट कबूल करतो, नाइलाजाने. त्या माणसाने गाणं टाकलं नसतं तर ते माझ्या लॅपटॉपमध्येच कुजलं असतं. नाशिकच्या एका बाईंनी ऐकून फोन केला, त्यांच्या आईचीही अशीच ओवी होती म्हणून रडल्या. ते त्याच्यामुळे झालं. झालं. म्हणून जातंही त्याचं का?

संध्याकाळी आत्याला फोन केला. तिला सगळं समजावलं, हस्तांतरण, दावा, ३० दिवस. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे आता मी दळताना गायचं न्हाई का?" म्हटलं, आत्या, तू दळतच नाहीस. तर म्हणाली, "त्ये झालं. पर गायचं का न्हाई ते सांग."

मला उत्तर देता आलं नाही. मग मी तिला टेलर स्विफ्टची गोष्ट सांगितली. हसू नका. अमेरिकेतली एवढी मोठी गायिका, तिच्या पहिल्या सहा अल्बमची मूळ रेकॉर्डिंगं कंपनीने दुसऱ्याला विकली, तर तिने जुने अल्बम नव्याने गायला घेतले, आणि २०२५ मध्ये मूळ रेकॉर्डिंगंही परत विकत घेतली. विकत घ्यायला आपल्याकडे काय आहे, म्हटलं. आत्याचा प्रश्न वेगळाच होता, "तिच्याकडं जातं हाय का?"

मग तिनेच ठरवून टाकलं. परत म्हणते, त्यात काय. त्या करारात पुन्हा रेकॉर्ड करायला बंदी आहे का ते मी शोधतोय, अजून तरी सापडलेली नाही. तुमच्यात कोणी वकील असेल तर इनबॉक्समध्ये या, चहा माझ्याकडून. या वेळी गाणाऱ्याच्या रकान्यात तिचं पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट, आणि पैसे भरून, माझ्या खात्यावरून.

रविवारी जातोय. गोधड्या काढून ठेवते म्हणाली. फोन ठेवता ठेवता विचारत होती, कुकर आधीच उतरवून ठेवू का.

नको म्हटलं. डाळ तेवढी तूरच लाव.