फुल रेंज, तरी नेट हळू: वेग कमी करायला सांगतं कोण?

‘रेंजच्या सगळ्या दांड्या दिसतात तरी व्हिडिओ अडकतो, म्हणजे कंपनी मुद्दाम वेग कापते. वेग सारखा वरखाली होतो हाच पुरावा. कंपन्यांना एकच ठरलेला वेग द्यायला लावा.’ अशा अर्थाचा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरत असतो. रिचार्जचे पैसे मोजून गोल फिरणारं चक्र बघत बसावं लागलं की संताप येणारच. पण हा राग चुकीच्या जागी निघतोय.

आधी दांड्या. टॉवरचा सिग्नल किती जोरात पोचतोय, साधारण तेवढंच त्या दाखवतात. वेग ठरतो तो सिग्नल भोवतीच्या गोंगाटाच्या किती वर आहे त्यावर. वरातीत बँडशेजारी उभं राहून कुणी कानात ओरडलं तरी निम्मं कळत नाही. त्याच फ्रिक्वेन्सीवर चालणारा शेजारचा टॉवर हा असाच बँड.

आता वेगाची वरखाली. इथे मजकूर नेमका उलटा आहे, कारण ‘जरा हळू पाठव’ हे बहुतेक वेळा तुमचा फोनच सांगतो. फोरजीत फोन सिग्नल मोजून टॉवरला सेकंदातून अनेकदा 0 ते 15 मधला एक आकडा कळवतो. 15 म्हणजे लहरीच्या एका ठोक्यात 6 बिट (माहितीचे 0 किंवा 1) पाठव, जोडीला चूक सुधारण्यासाठीची भर थोडीच पुरे. 1 म्हणजे 2 च बिट, आणि त्यातही बहुतेक सगळी भरच. कामाची माहिती धरली तर पहिल्यात ठोक्यामागे सुमारे 5.55 बिट, दुसऱ्यात जेमतेम 0.15. म्हणजे 36 पटींचा फरक! हा आकडा निवडताना दहातला एखादा तुकडा चुकेल हे गृहीतच धरलेलं असतं. चुकलेला तुकडा फोन टाकून देत नाही. तो पुन्हा मागवतो आणि दोन्ही मिळून अर्थ लावतो. मला या सगळ्या रचनेतला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो.

गाडीत बसलात की काम अवघड होतं. 1800 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 17 सेंटिमीटर. इमारतींवर, डोंगरांवर आपटून आलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, त्यामुळे आठेक सेंटिमीटरवरच सिग्नल खोल पडू शकतो. ताशी 100 किलोमीटरने धावणारी गाडी तेवढं अंतर 3 मिलिसेकंदांत कापते. फोनचा निरोप टॉवरने वापरेपर्यंत तो शिळा झालेला असतो, म्हणून टॉवर हात राखून पाठवतो.

मग एकच वेग ठरवून टाकला तर? वरचा ठरवला तर घाटातल्या माणसाला काहीच मिळणार नाही. खालचा ठरवला तर टॉवरखाली राहणाऱ्याचा वेग 36 पटींनी घटेल, आणि टॉवरचा वेळ सगळ्या फोनांत वाटलेला असल्यामुळे, प्रत्येकाचं काम लांबलं की रांगही वाढेल. एजच्या, म्हणजे टूजीवरच्या जुन्या मोबाइल इंटरनेटच्या काळातही वेगाचे असे 9 टप्पे होते. ही काही आज काढलेली पळवाट नाही.

तक्रारीला जागा आहेच. संध्याकाळी एका टॉवरवर शेकडो फोन लोंबकळत असतील तर नवा टॉवर का नाही, हा जाब कंपनीलाच विचारायला हवा. मुद्दाम वेग कापणंही असतं: रोजचा डेटा संपला की अनेक प्लॅनमध्ये वेग 64 केबीपीएसवर येतो, आणि ते अटींत लिहिलेलं असतं. ओळखायचं कसं? खिडकीशी जा, गच्चीवर जा. सिग्नलचा दोष असेल तर जागेबरोबर वेग बदलेल. डेटा संपला असेल तर कुठेही गेलात तरी 64 च्या वर जाणार नाही.