डॅशबोर्डमागची कुईं

रेडिओ लावावा, निवेदिकेने गोड आवाजात हवामान सांगायला सुरुवात करावी आणि तिच्या मागे कुणीतरी बारीक सुरात कुईं करायला लागावं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सूर वर चढतो, पाय काढला की उतरतो, गियर बदलताना क्षणभर दम घेतो आणि पुन्हा लागतो. वर अभंग असो की गोव्याचा मांडो, साथीला वाजणार तेच.

अशा गाडीत चौघे बसले की पाच निदानं होतात. पुढच्या सीटवरचे भावोजी बेल्टवर संशय घेतात. मागून काकी म्हणते, "बाबा, एसी बंद करून बघ." एसी बंद केल्यावर घाम सुरू होतो, कुईं बंद होत नाही. कॉलेजातला भाचा मोबाइलवर शोधून स्पीकर बदलायला सांगतो. आणि घरातला सर्वांत व्यवहारी माणूस मुकाट्याने आवाज वाढवतो. हा उपाय स्वस्त असला तरी त्याने कुईंही वाढते, हे त्याला पर्वरी ओलांडेपर्यंत कळत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की ही कुईं नेमकी कुठून शिरते ते कळेपर्यंत पाकिटाला हात लावू नये. शोधायला पैसे लागत नाहीत, शांतता लागते. ती गोव्यात दुपारी दोन ते चारमध्ये फुकट मिळते. त्या वेळात हॉर्नसुद्धा झोपलेले असतात.

गाडी सावलीत उभी करा, इंजिन चालू ठेवा आणि स्टिरिओ बंद करा. आवाज शून्यावर आणणं वेगळं आणि बंद करणं वेगळं. आपल्याला बंद हवा आहे. तरीही कुईं येत असेल तर ती स्पीकरमधून येतच नाही. ती पट्ट्याची, बेअरिंगची, ब्लोअरची किंवा मागच्या सीटखाली टाकीत बसलेल्या पेट्रोल पंपाची आहे. तिथे भावोजी जिंकले असं समजून गॅरेज गाठा. कुईं थांबली, तर आता इंजिन बंद करून किल्ली अ‍ॅक्सेसरीवर आणा आणि स्टिरिओ चालू करा. या वेळी ती नसेल आणि इंजिन चालू केल्याबरोबर येत असेल, तर तिचा उगम अल्टरनेटरकडे, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राकडे आहे. मग इंजिन चालू ठेवून व्हॉल्यूम शून्यावर न्या. कुईं तेवढीच राहिली तर ती व्हॉल्यूमच्या बटणानंतर शिरते आहे, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, त्याच्याकडे गाण्याचा सिग्नल नेणारी आरसीए केबल किंवा अर्थिंग बघायचं. बटणाबरोबर ती कमीजास्त होत असेल तर ती आधीच शिरलेली आहे: फोन, तो स्टिरिओला जोडणारी ऑक्स केबल, अँटेना. शेवटी ब्लूटूथ, ऑक्स आणि रेडिओ आळीपाळीने लावून बघा. एवढ्यात निम्मे संशयित सुटतात. बहुतेक लोक मात्र याच्याही पुढच्या पायरीपासून सुरुवात करतात, ती पायरी म्हणजे दुकानाची.

आता हा सूर का चढतो? अल्टरनेटर मुळात थ्री-फेज एसी (गार हवेचा एसी नव्हे, सतत दिशा बदलणारी) वीज बनवतो. आतले सहा डायोड तिचं डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज करतात, पण ते डीसी सपाट नसतं, त्याच्यावर बारीक लाटा राहतात. इंजिन 1000 आरपीएमवर असलं आणि पुलीने अल्टरनेटरला अडीच पट फिरवलं तर त्याचे 2500 फेरे होतात. नेहमीच्या बारा ध्रुवांच्या अल्टरनेटरमध्ये दर फेऱ्याला सहा आवर्तनं आणि दर आवर्तनाला सहा लाटा. हिशेब केला तर सेकंदाला 1500 लाटा येतात, आणि इंजिन 2000 वर नेलं की 3000. माणसाचा कान साधारण 2000 ते 5000 हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो. म्हणजे जिथे आपल्याला टोचणार तिथेच अल्टरनेटरने पट्टी धरलेली आहे. ही कुईं असह्य होते यात तुमच्या स्वभावाचा दोष नाही, घरचे काहीही म्हणोत.

यातल्या बऱ्याचशा लाटा बॅटरी गिळते. बॅटरी थकली किंवा टर्मिनल सैल झालं की ती गिळेनाशी होते. म्हणून इंजिन आणि हेडलाइट चालू ठेवून मल्टिमीटर बॅटरीला लावावा. डीसीवर साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसायला हवेत (अलीकडच्या काही गाड्या पेट्रोल वाचवायला हा आकडा मुद्दाम खालीवर करतात, तिथे घाबरू नये). मग मीटर एसी व्होल्टवर फिरवा. 0.1 च्या खाली असेल तर अल्टरनेटर निर्दोष. 0.5 च्या वर गेला तर एखादा डायोड उडाला असं धरून चाला. अशा वेळी कुईंचा सूरही खाली येऊन जाडसर घरघर होते, आणि डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मात्र बहुधा काही बोलत नाही. मीटर अगदी स्वस्तातला असेल तर आणखी एक गंमत होते. एसीवर तो सत्तावीस-अठ्ठावीस व्होल्ट दाखवतो आणि सळ्या उलट केल्या की शून्य. अल्टरनेटरला काही झालेलं नसतं, मीटर डीसीलाच एसी समजत असतो. ज्याची एसीची रेंज 200 पासून सुरू होते तो मीटर घरातले प्लग तपासायला ठेवा.

पण इथल्या हवेत अल्टरनेटर क्वचित गुन्हेगार निघतो. खरा आरोपी अर्थिंग. गाडीचा सगळा पत्रा म्हणजे बॅटरीची उणे तार. प्रत्येक उपकरणाची काळी वायर कुठेतरी पत्र्याला बोल्टने आवळलेली असते. तो बोल्ट जून ते सप्टेंबर ओल्या चपलांच्या शेजारी राहतो आणि उरलेले आठ महिने खाऱ्या वाऱ्यात. मिरामारला समुद्रासमोर गाडी लावून आईस्क्रीम खाणाऱ्यांना सूर्यास्त फुकट पडत नाही, तो हप्त्याहप्त्याने पत्र्यातून वसूल होतो.

अर्थिंग तपासायला मीटर डीसीच्या 200 मिलिव्होल्टवर ठेवा. एक सळी बॅटरीच्या उणे खुंटीवर टेकवा, क्लँपवर नको, कारण बिघाड या दोघांच्या मध्येच असू शकतो. दुसरी सळी स्टिरिओच्या धातूच्या अंगाला. सळी पोहोचत नाही, तेव्हा तीन मीटर वायर जोडून घ्यावी. हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर, सगळं चालू. आकडा 100 मिलिव्होल्टच्या खाली राहिला तर ठीक, वर गेला तर वाटेत कुठेतरी गंज बसला आहे.

तो बहुतेकदा पुढच्या दाराजवळ, पायाकडच्या प्लास्टिक पॅनेलच्या मागे सापडतो. पॅनेल सरळ आपल्याकडे ओढलं की सुटतं. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं की त्याचे कान तुटतात आणि एक नवा आवाज कायमचा मुक्कामाला येतो. आत दहा नंबरचा पाना लागणारा बोल्ट दिसेल. त्याखाली दोन-तीन वायरींच्या रिंगा एकावर एक. रिंगेच्या कडेला हिरवट पूड, बोल्टाभोवती विटकरी कडं आणि पत्र्यावरचा रंग पापडासारखा फुगलेला. हात लावायच्या आधी बॅटरीचं उणे टर्मिनल काढा. स्टिरिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा, नाहीतर कुईं जाईल, पण गाणंही जाईल. बोल्ट काढून रिंगेच्या दोन्ही बाजू आणि खालचा पत्रा 120 नंबरच्या पॉलिश पेपरने पांढरा चकचकीत दिसेपर्यंत घासा. दातेरी वॉशर घालून घट्ट आवळा आणि मगच वरून व्हॅसलीन फासा. आधी फासून मग आवळणारे बरेच भेटतात. व्हॅसलीन हवा अडवतं, वीज नेत नाही, एवढं त्यांना सांगावं. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-निळसर बुरशी असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा आणि जुना टूथब्रश पुरतो.

बाहेरून बसवलेला अ‍ॅम्प्लिफायर असेल तर कहाणी वेगळी. स्टिरिओचं अर्थिंग पुढे, अ‍ॅम्पचं डिकीत, दोन ठिकाणच्या पत्र्यात व्होल्टेजचा थोडा फरक, आणि तो फरक आरसीए केबलच्या जाळीतून वाहायला लागतो. बसवणाऱ्याने घाईत सीटचा बोल्ट सैल करून त्याखाली वायर सरकवलेली असते, तीही रंगावर. रंग वीज नेत नाही हे माहीत असूनही ती तिथेच सरकवली जाते, कारण बोल्ट आयता आहे. अ‍ॅम्पची काळी वायर लाल वायरीइतकीच जाड हवी, अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको आणि घासलेल्या पत्र्यावर स्वतंत्र बोल्टने हवी. लाल वायर गाडीच्या एका अंगाने न्यायची, आरसीए दुसऱ्या. कुठे ओलांडावीच लागली तर काटकोनात.

आणि ही कुईं कुणीतरी स्टिरिओ चालू असताना आरसीएची पिन काढून घातल्यापासून सुरू झाली असेल, तर स्टिरिओच्या सर्किटवरचा एक चिमुकला फ्यूज उडाल्याची शक्यता मोठी. पारख सोपी आहे. वायरीचा एक तुकडा घेऊन आरसीए सॉकेटचं बाहेरचं कडं आणि स्टिरिओचं अंग जोडा. कुईं तत्क्षणी थांबली तर फ्यूज गेला. फ्यूज बदलायला स्टिरिओ उघडावा लागतो. तोवर तो वायरीचा तुकडाच पक्का करून लोक वर्षानुवर्षं सुखाने फिरतात. मला ते फारसं पसंत नाही, पण चालतं हे खरं.

नॉइज फिल्टर नावाची डबी दुकानदार सर्वांत आधी पुढे करतो. मी ती सर्वांत शेवटी घ्यायला सांगेन. ती स्टिरिओच्या लाल वायरीत, स्टिरिओच्या जवळ बसते आणि तिची अँपिअर क्षमता फ्यूजपेक्षा जास्त लागते. अर्थिंगच्या बिघाडावर तिचा उपयोग नाही.

फोन चार्जरला लावून ऑक्स केबलही जोडली की कुईं येते आणि चार्जर काढला की जाते, हा प्रकार सगळ्यात सोपा. दोन्ही वाटांनी अर्थिंग जोडलं गेलेलं असतं. ब्लूटूथ वापरा, किंवा ऑक्सच्या मध्ये ही दुहेरी जोडणी तोडणारा ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. त्याच्या आत दोन इवलेसे ट्रान्सफॉर्मर असतात, त्यामुळे फारच स्वस्त घेतला तर ढोलकी टाळीसारखी वाजते.

रेडिओवरची खरखर ही कुईंची चुलत बहीण. 105.4 वर पणजी स्टेशन स्पष्ट लागायचं आणि डॅशकॅम बसवल्यापासून त्यात पाऊस पडतो, अशी तक्रार असेल तर डॅशकॅमचा प्लग काढून ऐका. बारा व्होल्टचे पाच करणारं आतलं सर्किट सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतं आणि त्याची वायर नेमकी काचेवरच्या अँटेनाशेजारून नेलेली असते. वायर दुसऱ्या बाजूने फिरवा, प्लगजवळ वायरीवर ही खरखर अडवणारी फेराइटची चिमटी लावा. स्वस्त एलईडी हेडलाइटही हाच उद्योग करतात. यातलं काहीच नसेल तर छतावरच्या अँटेनाचा पाया उघडा, तिथे पावसाळ्याने आपली सही केलेली असते.

बेपत्ता टुक्-टुक् हा वेगळाच छळ. दर थोड्या वेळाने एक बारीक बीप, आणि मान वळवेपर्यंत गप्प. आधी बाहेरून लावलेल्या वस्तू आठवा: डॅशकॅम, ट्रॅकर, टायरच्या हवेचा डिस्प्ले. कंपनीच्या वस्तू बीपबरोबर पडद्यावर काहीतरी दाखवतात, उपऱ्या वस्तू नुसत्या बोंबलतात. तरीही सापडत नसेल तर फ्यूज बॉक्सचा फोटो काढून ठेवा आणि एकेक फ्यूज काढत जा. काढायचा प्लास्टिकचा चिमटा बहुधा झाकणातच असतो. लाल फ्यूज 10 अँपिअर, निळा 15, पिवळा 20. परत घालताना रंग चुकवू नका. एअरबॅगच्या फ्यूजला हात नको, नाहीतर बीप शोधता शोधता दिवा पेटवून बसाल.

उरली सीट बेल्टची घंटा. 1 जुलै 2019 पासून बनलेल्या प्रत्येक नव्या गाडीत ती पुढच्या दोन्ही सीटना आहे, आणि वेगाचा इशाराही, 80 च्या वर अधूनमधून आणि 120 च्या वर अखंड. तो इशारा बंद करून देतो म्हणणारे भेटतात. त्यांना नमस्कार करावा आणि पाय उचलावा. बेल्टच्या खाचेत घालायच्या खोट्या क्लिपा ऑनलाइन मिळायच्या, त्या 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने विक्रीतून काढायला लावल्या. योग्यच केलं.

तरी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी म्हापशाच्या बाजारातून निघणाऱ्या गाड्यांत ही घंटा हमखास वाजते. डिकी भरलेली, मागे मुलं, म्हणून माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळाफुलांच्या छताचं सामान पुढच्या सीटवर. सीटखालच्या सेन्सरला माणूस आणि नारळ यांतला फरक कळत नाही, त्याला वजन कळतं. नारळांची पिशवी खाली पाय ठेवायच्या जागेत ठेवली की तो गप्प होतो. तोरिंजनाची फळं आणि सुपारीचं शिपटं (घड) सीटवर बसली तरी तो बहुधा हरकत घेत नाही. केळ्यांचा घड खाली ठेवला तर चेंगरतो, म्हणून त्याला सीटवर उभा करून सरळ बेल्ट लावावा.