स्कॅन करून दिलं की विषय संपला? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर,

‘महाविद्यालयातल्या मुलांना डिजिटल साक्षरता शिकवायची असेल तर त्यांना ग्रंथालयातलं जुनं साहित्य सांभाळायच्या कामाला लावा’ या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि चांगलंच तिखट लिहिलंत. दोन ओळींत भागणार नाही, म्हणून हे वेगळं उत्तर. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी सरांचं म्हणणं थोडक्यात असं: आजच्या पोट्ट्यांना मोबाइल मास्तरांपेक्षा जास्त येतो, त्यांना शिकवायचं काय? तालुक्याच्या गावी कपाटांना वाळवी लागलेली, लाइनचा ठिकाणा नाही. आधी ते पाहा. स्कॅनिंग करायचंच तर नागपूरच्या एखाद्या एजन्सीला गठ्ठे द्या, ते पीडीएफ करून देतील, विषय संपला. मुलांच्या हाती जुनी पुस्तकं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. आणि शेवटी एक प्रश्न: ग्रंथपालाची जागाच रिकामी असेल तर हे सगळं सांभाळणार कोण?

वाळवीचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य, म्हणून तिथूनच सुरू करतो. वाळवी जमिनीतून येते आणि भिंतीवर मातीच्या नळ्या करत चढते. कपाट भिंतीला चिकटलेलं असलं की आपल्याला ती नळी दिसतच नाही. म्हणून कपाट भिंतीपासून निदान अर्धा फूट पुढे आणि खालचा खण जमिनीपासून चार-सहा इंच वर. नळी नुसती खरवडून टाकल्याने वाळवी जात नाही, कारण घर जमिनीत असतं. पण खरवडलेली नळी आठवड्यात पुन्हा बांधलेली दिसली तर वाळवी जिवंत आहे एवढं कळतं, आणि मग जमिनीत औषध मारणाऱ्याला बोलवायचं. डांबरगोळ्या ठेवून वाळवी हटत नाही. बंद वाचनकक्षात त्यांच्या वासाने वाचणाऱ्याचं डोकं मात्र दुखतं.

वाळवीपेक्षाही आपल्याकडे ज्याचं नाव कुणी घेत नाही ते म्हणजे कूलर. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारी हवेतला दमटपणा २० टक्क्यांच्या खाली येतो. मग खिडकीत डेझर्ट कूलर, दारं लावलेली, आणि नेमकं झोताच्या समोर जुन्या साप्ताहिकांच्या फायलींचं कपाट. दिवसभर कागद ओल पितो. पाचला कूलर बंद, रात्रभर कोरडी गरम हवा, कागद आकसतो. हे रोजचं फुगणं-आकसणं दोन महिने चाललं की बांधणीचा सरस तडकतो आणि पुठ्ठे वाकतात. त्यातच पहिला पाऊस येतो आणि हवा आधीच दमट झालेली असताना कूलर तसाच पाणी फेकत राहतो. दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर काही दिवस टिकला की बुरशीचं काम झालंच. उपाय अगदी साधे: कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी, झोत टेबलांकडे, कपाटांकडे नाही, आणि पाऊस सुरू झाला की पंप बंद करून नुसता पंखा. काही शे रुपयांत दमटपणा मोजायचं यंत्र मिळतं. ते कूलरशेजारी न लावता कपाटाच्या आत ठेवा, दोन्हीकडचे आकडे पाहून तुम्हीच चकित व्हाल.

दुरुस्तीबद्दलही एक सांगतो. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावायचा नाही. त्याचा गोंद काही वर्षांत कागदात उतरतो, तपकिरी डाग पडतो आणि वरची पट्टी गळून जाते. खळीत मोरचूद घालायची आपली जुनी रीत किडीपुरती ठीक वाटते, पण मोरचुदातलं तांबं कागद ठिसूळ व्हायचा वेग वाढवतं. गव्हाच्या सत्त्वाची ताजी, पातळ खळ आणि पातळ पण लांब धाग्यांचा कागद, बस्स. खळ लागेल तेवढीच करायची, उरली तर फेकायची.

तेव्हा कपाटं आधी, यात आपला वाद नाही. पण हे सगळं करूनही वर्तमानपत्राचा कागद टिकत नाही. त्यात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं. उजेड आणि उष्णतेने तो पिवळा होऊन कडक होतो. तालुक्याचं जुनं साप्ताहिक, जिनिंग सोसायटीचे अहवाल, शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, वडसा-गडचिरोलीकडची झाडीपट्टी नाटकांची हँडबिलं आणि हाताने लिहिलेल्या संहिता: हे सगळं गुगलवर नाही. १९५४ च्या कायद्याप्रमाणे छापलेल्या पुस्तकाची प्रत देशातल्या चार मोठ्या ग्रंथालयांना जायला हवी, पण स्मरणिका आणि हँडबिलं तिथवर सहसा पोचत नाहीत. बऱ्याचदा उरलेली एकुलती एक प्रत आपल्याच कपाटात असते.

आता मुलांचं. मोबाइल येतो म्हणजे काय येतं, ते एकदा तपासून पाहा. बीए दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला सांगा: शोधगंगेवरून (विद्यापीठांच्या प्रबंधांचं संकेतस्थळ) एक प्रबंध उतरवून घ्या, तो फोनमध्ये नेमका कुठे पडला ते दाखवा, त्याला ओळखू येईल असं नाव द्या आणि दर्जा न घटवता शेजारच्याला पाठवा. पुष्कळजण पानाचा स्क्रीनशॉट काढतात. फाइल कुठे गेली ते सांगता येत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रतिमा लहान होते आणि फोटो कधी काढला, कोणत्या कॅमेऱ्याने काढला ही आतली माहितीही जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर दोन्ही टिकतात. हा फरक त्यांना कुणी सांगितलेलाच नसतो. उलट शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीचा अर्ज भरताना त्यांचा सगळा जीव फाइल अमुक केबीच्या आत कशी बसवायची यात गेलेला असतो, तेही सेतू केंद्रवाल्याला ओटीपी सांगून.

दुसरी परीक्षा मराठीची. विद्यापीठातला एखादा जुना मराठी प्रबंध पीडीएफमध्ये उघडा, एक परिच्छेद निवडा, कॉपी करून वर्डमध्ये चिकटवा. बऱ्याचदा नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी उतरते. कारण तो क्रुतिदेव किंवा श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. क्रुतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द आतून ई, जे, के, बी, एच या इंग्रजी अक्षरांनी साठवलेला असतो. फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठी आकार चढवतो. पीडीएफमध्ये फॉन्ट सामावलेला असेल तर निदान वाचता तरी येतं. नसेल तर पडद्यावरही खिचडीच. शोध दोन्हीकडे लागत नाही. मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये (आता सगळीकडे चालणारी अक्षरं साठवायची पद्धत) आणता येतो, पण र्‍हस्व वेलांटी आणि रफार जागा सोडतात, म्हणून ओळ न् ओळ वाचावी लागते. हे काम मराठीच्या विद्यार्थ्याइतकं चांगलं दुसरं कोण करणार?

युनिकोडमध्येही सगळं आलबेल नाही. ‘दुसऱ्या’मधला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक ‘ऱ’ला हलन्त लावून, दुसरा साध्या ‘र’ला हलन्त लावून पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. दिसायला दोन्ही सारखेच, पण संगणकाला वेगळे, त्यामुळे एक टाइप केलं तर दुसरं बऱ्याचदा सापडत नाही. ‘ॲ’चंही तेच. कोहा असो की सोल (ग्रंथालयाच्या संगणक-प्रणाली), तालिकेत नोंदी करणाऱ्या सगळ्यांनी एकच पद्धत ठरवायची आणि ती संगणकाशेजारी कागदावर लिहून चिकटवायची.

एजन्सीबद्दल. माझा विरोध नाही. पण करारात काय लिहायचं ते ज्याला कळतं त्यानेच गठ्ठे द्यावेत. काही न लिहिता दिलं तर वेगासाठी पुस्तकाची पाठ कापून पानं सुटी करतात आणि परत येतं ते काळं-पांढरं, दाबून लहान केलेलं पीडीएफ, नाव ‘स्कॅन १’. समासातली पेन्सिलची टिपणं, शिक्के, जांभळी शाई गायब. फार दाबण्यात आणखीही धोका आहे: २०१३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांत जागा वाचवण्यासाठी सारखे दिसणारे आकडे एकमेकांच्या जागी छापले जात होते, सहाच्या जागी आठ. सोसायटीच्या ताळेबंदात असं झालं तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून लिहा: रंगीत, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), पाठ न कापता, मूळ प्रतिमा टिफमध्ये (दर्जा न घटवता प्रतिमा साठवायचा प्रकार) वेगळ्या, पीडीएफ वेगळं, नावं आपण देऊ तशी.

आणि घरच्या घरी? १२ मेगापिक्सेलचा फोन म्हणजे ४००० गुणिले ३००० ठिपके. ए-फोर पानाने चौकट भरली तर ३०० डीपीआयच्या वर मिळतात, चांगलं काम होतं. मोठ्या वर्तमानपत्राचं पान साधारण ५५ सेंटिमीटर उंच. एका फोटोत घेतलं तर जेमतेम १८० पडतात आणि बारीक जाहिराती वाचता येत नाहीत. ते चार भागांत घ्या, प्रत्येक भाग शेजारच्यावर दोन बोटं चढेल असा. फोन स्टँडला, पानाला समांतर. पान सपाट करायला कडा घासलेली ४ मिलिमीटरची साधी काच, मात्र पापुद्रे सुटलेल्या पानावर काच ठेवायची नाही. फ्लॅश बंद. स्वस्त एलईडी बल्बखाली फोटोवर आडव्या पट्ट्या येतात, कारण तो दिवा डोळ्याला न दिसेल इतक्या वेगाने लुकलुकतो. सकाळचा खिडकीतला उजेड उत्तम. उन्हाळ्यात तसंही सकाळीच करा, दुपारी फोन तापून कॅमेरा बंद पडतो. एका कडेला मोजपट्टी ठेवा, म्हणजे मूळ आकार कळतो. स्कॅनिंग ॲपचं ‘सुधारणा’ फिल्टर बंद ठेवा, ते पिवळेपणाबरोबर पेन्सिलही पुसतं. फोनने दिलेलं जेपेग तसंच मूळ म्हणून जपा. त्याचं टिफ केल्याने दर्जा वाढत नाही, फक्त जागा अडते.

कोलीताची भीती रास्त आहे, म्हणून नियम कडक हवेत. हात धुऊन कोरडे; हातमोजे नकोत, त्यांनी पानाचा अंदाज येत नाही आणि ते फाटतं. बोटाला थुंकी लावायची नाही. टेबलावर पेन नाही, पेन्सिल. पुस्तक पूर्ण उताणं करायचं नाही, दोन्ही बाजूंना उशी द्यायची. ज्या पानाचा कोरा कोपरा दोन-तीनदा दुमडताच तुटतो, ते मुलांच्या हाती द्यायचं नाही. पोथ्या तर नाहीच. रिद्धपूर परिसरातल्या महानुभाव पोथ्यांसारखं साहित्य, तेही सकळ लिपीतलं (महानुभावांची सांकेतिक लिपी), जाणकार संवर्धकाकडेच जावं. दोघांची जोडी, एक पान उलटेल, एक फोटो काढेल. तासाला दीडशे पानं सावकाश होतात. तपासायला तेवढाच वेळ धरा, आणि तपासणारा तिसराच हवा. नव्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक (क्रेडिट) आहेत, एका श्रेयांकाला ३० तास; त्यात हे सहज बसतं.

खरं शिक्षण फोटो काढून झाल्यावर सुरू होतं. फाइलच्या नावात पुस्तकाचा दाखल क्रमांक आणि पान, दोन्ही पुढे शून्य लावून: ०४३१२_००१. शून्य नसलं की बऱ्याच प्रणाली १ नंतर १० लावतात आणि पानं विसकटतात. नावात मोकळी जागा नको, आकडे इंग्रजी. मग प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ ठसा (आतल्या मजकुरावरून संगणकाने काढलेली खूण) काढायचा. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ ही आज्ञा आधीपासूनच असते. ६४ अक्षरांचा तो ठसा साध्या मजकूर-फाइलीत जपायचा. फाइलीतला एक बिट जरी बदलला तरी ठसा बदलतो. इथेच लाइनीचा प्रश्न येतो: डिस्कवर कॉपी चालू असताना लाइन गेली की फाइल अर्धवट राहते, नाव आणि कधीकधी आकारही बरोबर दिसतो, उघडत मात्र नाही. ठसा जुळवला की लगेच कळतं. लोडशेडिंग आहे म्हणून हे काम नको असं नाही, लोडशेडिंग आहे म्हणून हे जास्त हवं.

डेमी आकाराचं पान ३०० डीपीआयने रंगीत, न दाबता, साडेबारा एमबी. दोनशे पानांचं पुस्तक अडीच जीबी. म्हणजे एक टीबीच्या डिस्कवर चारशे पुस्तकं, आणि ती डिस्क पडली तर चारशे गेली. म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. पेनड्राइव्ह यात धरू नका. प्रबंधांबरोबर आलेल्या जुन्या सीडी तर आजच उतरवून घ्या. आपल्या उन्हाळ्यात त्यांचा रंगथर लवकर बिघडतो आणि नव्या लॅपटॉपला त्या लावायला जागाच नसते.

हक्कांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी मुलांना सांगावं लागतं. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम ५२ प्रमाणे बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालय आपल्याकडे असलेल्या पुस्तकाची डिजिटल प्रत जतनासाठी ठेवू शकतं. ती टेलिग्रामवर टाकणं वेगळं. लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क राहतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले, म्हणजे हयातीत छापलेल्या त्यांच्या लेखनाची मुदत २०२८ अखेर.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, जागा रिकामी असेल तर कोण सांभाळणार. ग्रंथालयाचा क्लाउड कुणाच्या खासगी जीमेलवर नको. माणूस निवृत्त झाला किंवा विद्यार्थ्याने नंबर बदलला की खातं गेलं. महाविद्यालयाच्या नावचं खातं, आणि पासवर्ड बंद पाकिटात प्राचार्यांच्या तिजोरीत. डिस्क कुठे आहे, त्यात काय आहे, ठसे शेवटचे कधी जुळवले, याची नोंद दाखल नोंदवहीच्या शेवटच्या पानांवर हाताने लिहायची, कारण नवा माणूस आला की पहिल्यांदा ताब्यात घेतो ती नोंदवहीच. शेजारच्या तालुक्यातल्या ग्रंथालयाशी डिस्कची अदलाबदल ठरवा: त्यांची एक प्रत आपल्याकडे, आपली त्यांच्याकडे, दिवाळीनंतर आणि परीक्षा संपल्यावर अशी वर्षातून दोनदा जुळवणी. उन्हाळ्यात डिस्क पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. बऱ्याच पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात चालवायची कमाल मर्यादा ३५ अंश असते. त्यामुळे मेमधली जुळवणी सकाळी नऊच्या आत उरका.